सेन्सर बदलण्याआधी ५ व्होल्टची लाइन बघा
डिझेल पिकअपला स्कॅनर लावल्यावर एकदम तीन-चार सेन्सरचे कोड दिसले, तर सगळे सेन्सर एकाच वेळी गेले असं धरून चालू नका. बहुतेक वेळा खोट एकाच जागी असते. रेल प्रेशर, बूस्ट प्रेशर, ॲक्सिलरेटर पेडल अशा सेन्सरना ईसीयूकडून (इंजिनच्या कंप्युटरकडून) ५ व्होल्ट मिळतात आणि बऱ्याच गाड्यांत एकाच लाइनवर दोन-तीन सेन्सर असतात. एक शॉर्ट झाला की शेजारचेही चुकीचं रीडिंग देतात.

चावी ऑन, इंजिन बंद, आणि मल्टिमीटर सेन्सरच्या सप्लायच्या (५ व्होल्टच्या) पिनवर. ५ ऐवजी १-२ व्होल्ट दिसले, तर त्या लाइनवरचा एकेक कनेक्टर काढत जा (काढताना चावी ऑफ). जो काढल्यावर आकडा परत ५ वर येतो, दोष त्या सेन्सरमध्ये. प्रोब कनेक्टरच्या मागून घाला. वायर टोचू नका, त्या भोकातून पाणी शिरतं आणि आतली तार हिरवी पडते.

५ व्होल्ट ठीक असतील तर अर्थिंग तपासा. सेन्सर जोडलेला ठेवून त्याची ग्राउंड पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांत ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको.

अधूनमधून येणारा फॉल्ट असेल, तर हार्नेस (वायरींचा जुडगा) ब्रॅकेटला घासतो तिथे हलवून बघा.

इंजिन चालू असताना इंजेक्टरच्या कनेक्टरला मात्र हात लावू नका. तिथला व्होल्टेज धोकादायक असतो.