आडव्या वाऱ्यात नेम : एअर रायफलच्या छऱ्याचे वजन कसे निवडावे

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात जूनपासून ऑगस्ट सरेपर्यंत सह्याद्रीकडून येणारा पश्चिमेचा वारा उघड्या माळावर क्वचितच विसावतो. छर्रा मारायला उत्तर-दक्षिण मोकळी जागा सापडली, की तो नेमका आडवा लागतो. अशा वेळी भेटेल तो एकच सल्ला देतो, की जड छर्रा घ्या. सल्ला खोटा नाही, परंतु अपुरा आहे, आणि त्यावर विसंबून सर्वांत जड डबी विकत घेणाऱ्याचे पैसे अनेकदा वाया जातात.

प्रथम वजनाचे माप समजून घ्यावे. डबीवर छऱ्याचे वजन ग्रेनमध्ये छापलेले असते आणि एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. ४.५ मिमी नळीसाठी जेएसबी कंपनीच्या एक्झॅक्ट जातीचा नेहमीचा छर्रा ८.४४ ग्रेनचा, म्हणजे ०.५४७ ग्रॅमचा असतो. सराफाच्या जुन्या भाषेत साडेचार गुंजा. त्याच जातीचा जड छर्रा १०.३४ ग्रेनचा आणि एच अँड एन कंपनीचा बाराकुडा १०.६५ ग्रेनचा असतो. दहा मीटरच्या स्पर्धेतील चपट्या तोंडाचे छर्रे आठ ग्रेनच्या आसपास असतात. बंदिस्त हॉलमध्ये ते उत्तम चालतात, पण पंचवीस मीटरच्या पुढे वाऱ्यात त्यांचा भरवसा धरू नये. मोकळ्या जागेसाठी घुमटाकार डोक्याचाच छर्रा घ्यावा. टोकदार छर्रा दिसायला धारदार असतो, एवढाच त्याचा गुण.

आता मूळ मुद्दा. छर्रा जितका वेळ हवेत राहील तितका वारा त्याला ढकलेल, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि ती चुकीची आहे. हवाच नसती तर छर्रा लक्ष्यापर्यंत ज्या वेळात पोहोचला असता, त्याहून प्रत्यक्षात त्याला किती उशीर झाला, तो उशीर गुणिले वाऱ्याचा आडवा वेग, एवढाच तो सरकतो. १६ जूल शक्तीच्या (नळीतून सुटताना छऱ्यात एवढी ऊर्जा असलेल्या) रायफलीतून ८.४४ ग्रेनचा छर्रा साधारण २४० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघतो. हवेशिवाय त्याला चाळीस मीटरला ०.१६७ सेकंद लागले असते. हवेतून जाताना सुमारे ०.१८६ लागतात. उशीर झाला ०.०१९ सेकंदाचा. तोंडाला जाणवणारा आणि पाने सळसळवणारा तीन मीटर प्रतिसेकंदाचा वारा आडवा असेल, तर छर्रा ५.७ सेंटिमीटर सरकेल. हाच हिशेब १०.३४ ग्रेनला लावला, तर सुटतानाचा वेग २१८ वर येतो, पण जड असल्यामुळे तो वाटेत कमी मंदावतो आणि सरकणे पाच सेंटिमीटरच्या जवळ येते.

म्हणजे जड छऱ्याने मिळवले काय, तर पाऊण सेंटिमीटरच्या आत. त्याच्या बदल्यात चाळीस मीटरवरचा खालचा झोल, म्हणजे छर्रा वजनाने खाली उतरतो ते अंतर, सतरा सेंटिमीटरांवरून साडेएकोणिसाच्या पुढे जातो. झोल मात्र अंतर ठाऊक असले की रोज तोच राहतो, म्हणून तो दुर्बिणीवर लावून घेता येतो. वारा असा लावून घेता येत नाही. यासाठीच, अंतर मोजलेले असेल तर जड छर्रा आणि अंतर डोळ्यांनीच जोखायचे असेल तर मध्यम छर्रा, असे माझे मत झाले आहे. वाऱ्याचा अंदाज एका मीटर प्रतिसेकंदाने चुकला तरी नेम जवळजवळ दोन सेंटिमीटरने हुकतो, हेही विसरू नये. वजनाने जेवढे वाचवले त्याच्या दुपटीहून अधिक तिथेच जाते.

अंतराचा परिणाम मात्र मोठा आहे. सरकणे अंतराच्या वर्गाच्या हिशेबाने वाढते, त्यामुळे याच वाऱ्यात दहा मीटरवर जेमतेम तीन मिलिमीटर आणि वीस मीटरवर सव्वा सेंटिमीटरच्या आसपास फरक पडतो. वीस मीटरच्या आत खेळणाऱ्याने वजनाची चिंता करण्याचे कारण नाही.

डबीवरच्या वेगाला भुलू नये. पाच-साडेपाच ग्रेनचे शिसेविरहित हलके छर्रे फार वेगाने निघतात, पण वेग २७०-२८० मीटर प्रतिसेकंदाच्या पुढे गेला, की ध्वनीच्या वेगाची हद्द जवळ आल्याने हवेचा विरोध झपाट्याने वाढतो आणि उशीरही वाढतो. आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास असल्याने इथली हवा गोव्याच्या किनाऱ्यापेक्षा थोडी विरळ आहे. तिकडच्या मित्राचे आकडे जसेच्या तसे उतरवून घेऊ नयेत.

रायफल कोणत्या जातीची आहे, हे वजनापूर्वी पाहावे. स्प्रिंगच्या रायफलीत छर्रा जड झाला की शक्ती घटते. ती १६ जूलवरून १४ वर आली, तर वरचा फायदा पाऊण सेंटिमीटरवरून तीन-चार मिलिमीटरवर येतो, आणि पिस्टनचा उलटा झटका वेगळा. अशा रायफलीला साडेआठ ते नऊ ग्रेनच मानवतात. आधी हवा भरून ठेवायच्या पीसीपीत उलट घडते. जड छऱ्यात तिची शक्ती सहसा थोडी वाढते, म्हणून दहा ग्रेनचा खरा लाभ तिथे मिळतो. आपल्याकडे ४.५ मिमीपेक्षा मोठी नळी किंवा २० जूलपेक्षा जास्त शक्ती असेल तर परवाना लागतो, हे लक्षात ठेवूनच खरेदी करावी.

निवड प्रत्यक्षात अशी करावी. वेगवेगळ्या वजनांच्या तीन-चार डब्या आणाव्यात आणि प्रत्येकीतले वीस छर्रे ओळखीच्या सराफाच्या मिलिग्रॅमच्या काट्यावर तोलून पाहावेत. एका डबीत मला अर्ध्या ग्रेनहून जास्त तफावत सापडली होती. दुकानदाराने ती परत घेतली नाही, आणि तेव्हापासून मी आधी एकच डबी घेतो. त्यानंतर पहाटे, वारा पडलेला असताना, पंचवीस मीटरवर प्रत्येक जातीचे दहा छर्रे मारावेत. मात्र जात बदलली की पहिले दहा-पंधरा छर्रे हिशेबात धरू नयेत, कारण नळीला नव्या शिशाची सवय व्हावी लागते. दहाही छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले जात नसतील, तर ती जात वजन कितीही पटणारे असले तरी बाद करावी. शांत हवेत पसरणारा छर्रा वाऱ्यात एकत्र येत नाही.

उरलेल्या दोन जाती दुपारच्या वाऱ्यात चाळीस मीटरवर तपासाव्यात. मागे मातीचा उंच बांध हवा, आणि पाखरावर नेम धरणे तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यातच अडकवते. कागदावर ओळंबा धरून एक उभी रेघ ओढावी, रेघेवरच नेम धरावा आणि पाच छर्रे एका जातीचे, पाच दुसऱ्या जातीचे, असे आलटून पालटून मारावेत, म्हणजे वाऱ्याचे झुकते माप एकीलाच मिळणार नाही. स्वतःपासून दहा पावलांवर काठीला लोकरीचा धागा बांधावा. नळीजवळ लागलेला झोत छऱ्याला पुढच्या सगळ्या वाटेवर तिरका नेतो, त्यामुळे लक्ष्याजवळच्या धाग्यापेक्षा हा धागा अधिक बोलतो. पलीकडे उसाचा फड असेल तर पाती किती लवतात, हेही पाहून ठेवावे.

प्रत्येक छिद्राचे रेघेपासूनचे आडवे अंतर पट्टीने मोजून सरासरी काढावी. दोन जातींत अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी फरक निघाला, तर शांत हवेत ज्या जातीची छिद्रे अधिक जवळ पडली, तीच घ्यावी. ठरली की डबीच्या तळाचा लॉट क्रमांक लिहून घेऊन त्याच लॉटच्या आणखी तीन-चार डब्या लगेच आणाव्यात, कारण साचा बदलला की त्याच नावाचा छर्रा नळीत वेगळा बसतो आणि ही सगळी तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.