कामावरील अपघाताच्या भरपाईचा दावा कसा मांडावा

1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याची जागा नोव्हेंबर 2025 मध्ये सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली; पुढील नियम त्या जुन्या कायद्याखालील दाव्यांचे आहेत. अशा दाव्यात आयुक्त, म्हणजे भरपाईचे दावे ऐकणारे सरकारी अधिकारी, आधी दोन गोष्टी तपासतात: अर्जदार त्या मालकाचा कर्मचारी होता का, आणि अपघात कामामुळे व काम चालू असताना घडला का. म्हणून हजेरीपट, पगाराच्या पावत्या आणि सहकाऱ्याची साक्ष वेळीच जमवावी, आणि अर्ज अपघातापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावा.

खरा वाद बहुधा अपंगत्वाच्या टक्केवारीवर होतो, आणि तेथे कमाईची क्षमता किती गेली हे पाहिले जाते. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला, तेव्हा एका हाताने सुतारकाम करता येत नाही म्हणून ही हानी शंभर टक्के धरणे योग्यच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये मानले. त्यामुळे डॉक्टरांकडून केवळ टक्केवारीचा दाखला न घेता, नेमके कोणते काम आता जमणार नाही, हेही लिहून घ्यावे. माझ्या मते दाव्याचे यश बरेचसे यावरच ठरते.

रक्कम देय झाल्यापासून महिनाभरात न मिळाल्यास वार्षिक 12 टक्के व्याज अवश्य मागावे. उच्च न्यायालयातील अपील 60 दिवसांत करावे लागते, ते कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच चालते, आणि मालकाला त्याआधी भरपाईची रक्कम आयुक्तांकडे भरावी लागते.