खंदकातली मेणबत्ती कशी बनवतात

२०२२ पासून युक्रेनमधे कीव्ह, ल्विव्हसारख्या शहरांत साधी माणसं फ्रंटवरच्या सैनिकांसाठी ही बनवतायत, थंडीत हात शेकायला नि जेवण गरम करायला. रिकामा टिनचा डबा घ्या, लेबल काढा, खोक्याचा नालीदार पुठ्ठा डब्याच्या उंचीएवढ्या पट्ट्यांत कापून घट्ट गुंडाळून आत बसवा, नाल्या उभ्याच हव्यात हं, नाहीतर मेण खाली उतरतच नाही, मधे एक पट्टी जरा वर ठेवा, तीच वात. मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे चालतात. मेण थेट गॅसवर नको, गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवा नि हळूहळू ओता, पुठ्ठा बरंच पितो. पेटलेल्या मेणावर पाणी अजिबात नाही, झाकणच ठेवायचं.