जंगलाकडच्या घरात स्वतः रांधून खायचं ठरवलंय? सामानाच्या खरेदीत या चुका टाळा

गोवा म्हटलं की कळंगुट-बागाच डोळ्यासमोर येतं, तिथं रात्री उशिरा पण अंडी-ब्रेड मिळून जातं, आणि तोच हिशोब डोक्यात ठेवून लोक नेत्रावळी, खोतीगाव नाहीतर सत्तरीतल्या डोंगराकडच्या घरात चार दिवस राहायला जातात. पुण्या-मुंबईचे पाहुणेच नव्हे, पणजी-मडगावची आमची माणसं पण हेच करतात. मग दुसऱ्या दिवशी दूध नाही, तिसऱ्या दिवशी भाजी नाही, आणि अर्धी सुट्टी गाडीत. माझं म्हणणं एवढंच आहे की काय खायचं ते नंतर ठरवा, आधी घरमालकाला फोन करून तिथं काय मिळतं, कधी मिळतं आणि किती वाजेपर्यंत मिळतं ते विचारून घ्या. यादी त्याच्यानंतर.

"गावात दुकान आहे ना, मग झालं"

असतो की, गावात पोसरो (छोटं किराणा दुकान) असतो आणि तो फार कामाचा असतो. तांदूळ, साखर, चहापत्ती, कांदे-बटाटे, बिस्किटं, साबण मिळेल. पनीर, चीज, मुलांचे ते ठराविक फ्लेक्स मिळतीलच असं नाही. दुपारी एक ते चार बऱ्याच ठिकाणी दुकान बंद असतं, लोक जेवून आडवे होतात, रविवारी पण भरवसा नाही आणि चतुर्थीच्या दिवसांत तर सगळं गाव घरच्या गणपतीत असतं, तेव्हा दुकानाची आशाच धरू नका. नेटवर्क कधी असतं कधी नसतं, त्यामुळे जीपेवर विसंबू नका, शंभर-पन्नासच्या नोटा जवळ ठेवा.

मोठी खरेदी शेवटच्या बऱ्यापैकी बाजाराच्या गावात करायची. नेत्रावळीला जाताना कुडचडे, केपे किंवा सांगे, खोतीगावला जाताना काणकोणची चावडी, सत्तरीत जाताना वाळपई. मोपाला विमानानं उतरलात किंवा थिवीला रेल्वेतून उतरलात आणि शुक्रवार असेल तर म्हापशाचा बाजार सोडू नका. फक्त दुपारी अडीचला तिथं पोचायचा प्लॅन करू नका, सकाळीच जा.

भाजीचं एक लक्षात घ्या, आमच्याकडची बरीचशी भाजी बेळगावहून घाट उतरून येते. पावसात चोर्ला किंवा अनमोड घाटात दरड आली, रस्ता बंद झाला, की आतल्या गावांत लगेच कळतं. फलोत्पादन महामंडळाचे भाजीचे गाडे ठिकठिकाणी आहेत, तिथं स्वस्त पडतं, पण लवकर गेलात तर चांगली मिळते.

सगळी सारखेच दिवस टिकेल असं धरून घेतलेली भाजी

तांबडी भाजी (लाल माठ), मेथी, कोथिंबीर पहिल्या दिवशीच संपवायची. दुसऱ्या दिवशी वांगी-भेंडी. कोबी, दुधी, तांबडा भोपळा, सुरण शेवटच्या दिवसांसाठी. टोमॅटो थोडे कच्चेच घ्या. कांदे आणि बटाटे एका पिशवीत कोंबू नका, बटाट्यांना लवकर कोंब येतात. अळसांदे (चवळी) किंवा मूग जवळ असले की तिसऱ्या दिवशी भाजीची चिंता नाही, रात्री भिजत टाकले की सकाळी तोणाक (कडधान्याची रस्सा भाजी) तयार.

मासे

सगळ्यात जास्त पैसे आणि पोटं इथंच बिघडतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. 1 जून ते 31 जुलै आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलरना बंदी असते. त्या दोन महिन्यांत नदीची मासळी, छोट्या होडक्यांची मासळी आणि बाहेरून आलेली, एवढंच, आणि भाव चढे. तेव्हा विसवण (सुरमई)-पॉपलेटचा हट्ट सोडा आणि सुके बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी) घ्या. मे महिन्यात आमच्याकडे घराघरांत पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरून ठेवायचे ते याच्याचसाठी, सुकी मासळी, सोलं (आमसुलं), मिरच्या, कांद्याच्या माळा, गूळ. गरम भात, सोलकढी आणि सुक्या सुंगटांची किसमूर (खोबरं घातलेली कोरडी कोशिंबीर) याला फ्रिज लागत नाही, मिक्सर लागत नाही, आणि पावसाच्या रात्री त्याच्यापुढे काही नको वाटतं.

ताजी मासळी घेताना कल्ला उचलून बघा, आत लालभडक पाहिजे, डोळा वर आलेला पाहिजे, बोटानं दाबलं की खड्डा राहता कामा नये. घेतल्याबरोबर बाजारातच कापून साफ करून घ्या, पोटातली घाण तशीच ठेवून दोन तास गाडीत फिरवलेला बांगडा घरी पोचेपर्यंत गेलेलाच असतो. मग मीठ-हळद लावून पसरट डब्यात एक थर, डबा घट्ट बंद, आणि तो डबा बर्फाच्या पेटीत वर-खाली बर्फ घालून. मासे वितळलेल्या पाण्यात लोळता कामा नयेत, मध्ये थांबून पाणी ओतून टाका, नवा बर्फ घाला. आणि अख्खा मासा तोलून घेतला की डोकं-शेपूट-पोट जाऊन बराच कमी भरतो, हिशोब साफ केलेल्याचा धरा. तिसऱ्यो-खुबे (शिंपल्या) जिवंत असतात, ओल्या फडक्यात ठेवा, बंद प्लास्टिकच्या पिशवीत गुदमरून मरतात, आणि त्याच दिवशी शिजवा. दोन दिवसांच्या वर ताज्या मासळीचा प्लॅन करूच नका. घरमालक गावचे असतील तर त्यांना विचारा, सोमवारी बऱ्याच घरांत शिवराक (शाकाहारी जेवण) असतं, तोच आपला पण डाळ-भाजीचा दिवस धरून टाका.

नारळ घेतले, पण वाटणार कशानं?

ही चूक फार होते. हुमण (मासळीची आमटी) म्हणजे वाटप (वाटलेलं खोबरं-मसाला), वाटप म्हणजे मिक्सर आणि मिक्सर म्हणजे करंट. पावसात आतल्या गावांत लाईट जाणं नवीन नाही. आधी विचारा की आदोळी (खोबरं खवायची विळी) आहे का, रगडो (वाटायचा दगड) आहे का, कुकरची शिट्टी आणि रिंग धड आहे का, सुरी कापते का. नारळ अख्खेच न्या, चार माणसांना दिवसाला एक पुरतो. खवलेलं खोबरं उकाड्यात दुपारपर्यंत आंबतं. जोडीला नारळाच्या दुधाची दोन पाकिटं ठेवा, लाईट गेली तरी आमटी होते. दूध पण न उघडता फ्रिजशिवाय टिकणारं खोक्यातलं घ्या, छोटी खोकी, कारण उघडल्यावर ते पण साध्या दुधासारखंच.

पावाचं वेगळंच. पोदेर (पाववाला) सकाळ-संध्याकाळ हॉर्न वाजवत येतो, पण सुट्या सुट्या घरांकडे येतोच असं नाही. पोयी-उंडे (गोव्याचे पाव) पहिल्या दिवशीच मऊ असतात, पावसात तर दोन दिवसांत बुरशी धरते. चार दिवसांचे पाव भरून नेऊ नका, पोहे-रवा न्या.

अंदाजे भरलेल्या पिशव्या

तीन रात्री, चार माणसं. पहिलं दुपारचं जेवण वाटेत, शेवटचं रात्रीचं घरी, म्हणजे तिथं सहा जेवणं. माणशी जेवणाला 100 ग्रॅम तांदूळ धरले तर 2 किलो 400 ग्रॅम, अडीच किलो न्या, पाच किलोची पिशवी कशाला? उकडे तांदूळ आवडत असतील तर जरूर न्या, मला तरी हुमणाबरोबर तेच लागतात, पण ते शिजायला खूप वेळ घेतात, तेव्हा सिलेंडर भरलेला आहे का आणि दुसरा आहे का हे आधी विचारा. चिकन माणशी पाव किलो, आणि ते पहिल्या रात्रीच. प्यायचं पाणी माणशी दिवसाला 3 लिटर, घरात फिल्टर नसेल तर चार दिवसांचे 48 लिटर होतात, म्हणजे 20 लिटरचे तीन जार. पावसात विहिरीचं पाणी गढूळ होतं, गाळून चांगलं उकळल्याशिवाय पिऊ नका.

मीठ, तेल, हळद, काडेपेटी, भांड्यांचा साबण हे "तिथं असेलच" म्हणून सोडलं जातं. छोट्या डब्यांत भरून घ्या.

गडबड झालीच तर

लाईट गेली तर फ्रिज उघडून बघत बसू नका, दार बंद राहिलं तर आतलं साधारण चार तास थंड राहतं. त्याच्यावर गेलं तर मासे, चिकन, दूध, उरलेला भात आधी फेकून द्या, लोणचं, सोलं, व्हिनेगरमधलं राहू द्या. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नका, मे महिन्याच्या उकाड्यात तर तासाभरातच फ्रिजमध्ये जाऊ द्या. वासाची शंका आली की लिंबू-मसाला लावून झाकायला जाऊ नका, फेकून द्या, कारण मोठा दवाखाना लांब आहे. ओआरएसची पाकिटं पिशवीत असू द्या.

गॅस संपला तर गावात पाहुणचार करणारी माणसं आहेत, शेजारी जाऊन नीट विचारा, पण त्यांच्याकडून घेतलेल्या नारळाचे, अंड्यांचे पैसे आग्रहानं द्या. खायचं खिडकीत किंवा बाल्कनीत ठेवू नका, माकडं बघत असतात. आणि उरलेला ओला कचरा घरामागे जंगलात टाकू नका, जनावरं त्या वासानं येतात. पिशवी बांधून मालकांना विचारा कुठं द्यायची ते, नाहीतर गाडीत घालून परत शहरात आणा.