थॅलेसेमियाच्या पेशंटचा कावीळ बी-सी (हिपॅटायटिस बी न् सी) रिपोर्ट कसा बघायचा

थॅलेसेमियात अंगात रक्त नीट बनत नाही, म्हणून सोलापुरात सिव्हिलला नाहीतर प्रायव्हेटमध्ये रक्त चढवायला जाता ना, मग पोराची एक फाईल करा न् प्रत्येक रिपोर्ट तारखेनं लावा.

आधी एचबीएसएजी (बी च्या व्हायरसचा अंश शोधणारी रक्ताची टेस्ट) बघायचं. पॉझिटिव्ह म्हणजे बी चा व्हायरस सध्या अंगात आहे, सहा महिन्यांनंतरही तसाच राहिला तर जुनाट धरतात. फक्त बी ची लस नुकतीच टोचली असेल तर दोन-तीन आठवडे ही टेस्ट करू नका, लसीमुळंच पॉझिटिव्ह येऊ शकते, उगं घाबरायला होतं. मग अँटी-एचबीएस (बी विरुद्ध लढणाऱ्या अँटीबॉडीची टेस्ट), हा आकडा १० च्या वर म्हणजे संरक्षण आहे, कमी असेल तर बूस्टरचं विचारा. अँटी-एचबीसी (बी ची दुसरी अँटीबॉडी) लसीनं येत नाही, तो इन्फेक्शन होऊन गेल्याचा नाहीतर चालू असल्याचा माग, पण चढवलेल्या रक्तातनं दात्याच्या अँटीबॉडी येऊनही दिसतो, म्हणून काही महिन्यांनी परत करायचा.

अँटी-एचसीव्ही (सी ची अँटीबॉडी टेस्ट) पॉझिटिव्ह आलं की लोक रडायलाच लागतात, अहो थांबा, सी बरा झाला तरी ती वर्षानुवर्षं पॉझिटिव्हच राहते! आरएनए टेस्ट (रक्तात सी चा व्हायरसच शोधणारी) करा, त्यात व्हायरस सापडला तरच इन्फेक्शन चालू, आणि त्यावर आता गोळ्या आहेत, बहुतेक जण बरे होतात. सरकारी हिपॅटायटिस कार्यक्रमात, २०१८ पासून, तपासणी-औषध फुकट आहे.

एसजीपीटी (लिव्हरची टेस्ट) वाढलं म्हणजे कावीळच असं नाही, लोह साठूनपण वाढतं, तेव्हा फेरिटिन (साठलेलं लोह दाखवणारी टेस्ट) सोबत दाखवा.