जुन्या सागाची कोरीव डबी, हाताच्या अवजारांनी

मराठवाड्यात माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची घरं पाडली की त्यांच्या चौकटी, दारं, कडीपाटाच्या फळ्या जुन्या लाकडाच्या वखारीत येऊन पडतात. दागिन्यांची छोटी डबी करायची तर तिथूनच सागाची फळी आणा. वर्षानुवर्षं वाळलेला साग ओल्या लाकडासारखा पिळत नाही आणि पटाशीला (कोरायच्या सपाट धारेच्या अवजाराला) सरळ उत्तर देतो. बाभूळ दणकट खरी, पण कोरायला हात भरून येतात. फळी घेतानाच तिच्यावरून चुंबक फिरवा. आत मोडलेला खिळा राहिला असेल तर रंध्याचं, म्हणजे लाकूड तासून सपाट करायच्या अवजाराचं, पातं जायचं.

अवजारं मोजकीच लागतात: रंधा, बारीक दातांची करवत, अर्ध्या आणि पाव इंचाची पटाशी, गुण्या (काटकोन आखायची पट्टी), हातड्रिल, कंपास आणि धारदार चाकू. आधी पटाशीला दगडावर धार लावून घ्या. फळीच्या टोकाला, जिथे लाकडाच्या रेषा तुटलेल्या दिसतात तिथे, पातळ काप काढून बघा. काप गुळगुळीत निघाला तर धार चांगली, भुगा पडला तर पुन्हा दगडावर.

डबीचं माप ८ इंच लांब, ५ इंच रुंद, ३ इंच उंच. फळी रंधून अर्धा इंच, म्हणजे ४ सूत जाडीची करा (१ इंचाचे ८ सूत). मग एकाच ३ इंची पट्टीतून ओळीने तुकडे कापा: ८ इंच, साडेचार, ८, साडेचार. याच क्रमाने जोडले की लाकडाच्या रेषा कोपऱ्यावरून वळून पुढे जाताना दिसतात. डबीची निम्मी शोभा यातच आहे.

आता सांधा, आणि इथे घाई नको. लांब तुकड्यांच्या दोन्ही टोकांना आतल्या बाजूने ४ सूत रुंद आणि २ सूत खोल खाच पाडायची, तिच्यात आखूड तुकडा बसतो. रेघ पेन्सिलीने मारू नका. गुण्या धरून चाकूने मारा, दोन-तीनदा, जरा दाबून. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते, चाकूच्या रेघेत पटाशीचं टोक आपोआप बसतं. रेघेच्या खाचेकडच्या बाजूने करवत २ सूत खोल उतरवा. मग टोकाकडून पटाशी आडवी धरून नको असलेलं लाकूड पातळ थरांनी काढा. एका ठोक्यात सगळं काढायला गेलात तर चीर तिरपी आत घुसते आणि फळी वाया जाते. शेवटचा थर हातोडी न वापरता, नुसत्या हाताच्या जोराने.

फेविकॉल लावण्याआधी चारही तुकडे कोरडेच जुळवून बघा. चैत्र-वैशाखात हवा इतकी कोरडी असते की फेविकॉलवर लगेच साय धरते, त्या वेळी खाच घासत बसता येत नाही. जोडल्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी भोवती ताणून गुंडाळा, क्लॅम्पची गरज राहत नाही. दोन्ही कर्ण मोजा. सारखे भरले तर डबी काटकोनात आहे. फरक असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यांवर हाताने दाब द्या.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक कोपऱ्यावर, लांब बाजूने, टोकापासून २ सूत आत, ३ मिलिमीटरची दोन-दोन भोकं एक इंच खोल पाडा. बांबूची कामटी तासून खुंट्या करा, फेविकॉल लावून ठोका, वर आलेलं कापून पटाशीने सपाट करा. बांबूचे ते फिकट ठिपके सागावर फार देखणे दिसतात. तळ सोपा आहे: आत खालच्या कडेला बारीक पट्ट्या चिकटवा आणि त्यांवर ७ बाय ४ इंचाचा प्लायचा तुकडा बसवा.

झाकणाची फळी साडेआठ बाय साडेपाच. तिच्या खाली मधोमध दुसरी पातळ फळी चिकटवा, आतल्या जागेपेक्षा लांबी-रुंदीत एकेक सूत कमी, रेषा दोन्हींच्या एकाच दिशेने. उन्हाळ्यात झाकण अगदी घट्ट बसवलं तर श्रावणात ते फुगून अडकतं. साग कमी फुगतो, पण फुगतो.

नक्षी मात्र झाकणाला खालची फळी चिकटवण्याआधी, वरच्या बाजूला कोरा. कंपासाने वर्तुळ काढा, कंपास तेवढाच ठेवून परिघावर सहा खुणा करा आणि प्रत्येक खुणेवरून केंद्रातून जाणारा कंस मारा, सहा पाकळ्यांचं कमळ तयार होतं. हात बसला की अजिंठ्याच्या छतांवर रंगवलेली कमळं बघून या, पाकळ्यांचे थर कसे रचावेत ते तिथे कळतं. प्रत्येक पाकळीच्या मधल्या शिरेवर चाकूने सरळ काप द्या. मग दोन्ही कडांपासून त्या शिरेकडे तिरपं छिला. खोली अर्ध्या सुतापेक्षा जास्त नको, जुना साग ठिसूळ असतो, पाकळीचं टोक पटकन उडतं.

पॉलिश पेपर १२०, १८० आणि २४० नंबरचा, रेषांच्या दिशेने, पण पाकळ्यांच्या धारांवर फिरवू नका. बाहेरून रंगाच्या दुकानात मिळणारं उकळलेलं जवसाचं तेल फडक्याने चोळा, पंधरा मिनिटांनी जादाचं पुसा, दिवसाआड दोन-तीन हात द्या. आतून तेल लावू नका, बंद डबीत वास कोंडून राहतो. आत चपडी लाखेचं पातळ पॉलिश पुरे. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर पसरून पूर्ण वाळू द्या, मगच फेका.