कॅरव्हॅनमध्ये पाणी कुठे मुरते? ओल शोधताना आणि रोखताना या चुका टाळा

कारमागे जोडून नेण्याच्या कॅरव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या फिरत्या घरात, भिंतीवर डाग उमटतो, तोपर्यंत आतले नुकसान बहुधा बरेच पुढे गेलेले असते. याचे कारण तिच्या बांधणीत आहे. बहुतेक कॅरव्हॅनच्या भिंतीत बाहेरून ॲल्युमिनियमचा किंवा फायबरग्लासचा पातळ पत्रा, मध्ये लाकडी पट्ट्यांचा सांगाडा व पॉलिस्टायरीनचा (थर्माकोलसारखा) थर आणि आतून व्हिनाइल चिकटवलेले जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचे प्लायवुड असते. एकदा आत शिरलेल्या पाण्याला या थरांमधून बाहेर पडायला सहज वाट मिळत नाही. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण दीर्घकाळ २० टक्क्यांच्या वर राहिले, की ते कुजवणाऱ्या बुरशीला आवश्यक ती परिस्थिती तयार होते, आणि हे सारे स्वच्छ दिसणाऱ्या व्हिनाइलच्या मागे चालू असते.

दव आणि गळती यांत गल्लत करणे

सकाळी खिडक्यांवर पाणी साचलेले दिसले म्हणून घाईघाईने सांधे भरायला घेणे ही एक चूक, आणि कोपऱ्यातला ओलसर डाग ‘थंडीमुळे आला असेल’ म्हणून सोडून देणे ही तिच्याहून मोठी चूक. श्वासातील, स्वयंपाकातील आणि ओल्या कपड्यांतील बाष्प थंड पृष्ठभागावर जमते तेव्हा ते दव असते. ते खिडक्यांवर, कपाटांच्या मागे, गाद्यांच्या खाली पसरलेले आढळते आणि पुसून हवा खेळती केली की नाहीसे होते. गळतीची ओल मात्र एखाद्या सांध्याच्या आसपास एकवटलेली असते, पावसानंतर वाढते आणि बाहेर कोरडे दिवस असतानाही हटत नाही.

दवाचा विचार करताना गॅसच्या शेगडीकडे दुर्लक्ष होते. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, आणि स्वयंपाक करताना खिडकी व छतावरची झडप उघडी नसेल, तर ती सगळी वाफ आतच राहते. ऊब टिकावी म्हणून जमिनीलगतची आणि छतावरची कायमची हवारंध्रे बुजवणारे लोक आढळतात. हे कधीही करू नये. त्याने ओल तर वाढतेच, पण प्रोपेन आणि ब्युटेन हे वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास ते खालच्या रंध्रांतूनच बाहेर पडायचे असतात. इथे प्रश्न जिवाचा आहे.

जिथे डाग, तिथेच पाण्याची वाट शोधणे

पाणी लाकडी पट्टीच्या आधाराने उतरते, आडव्या पट्टीवर थबकते आणि आत शिरले त्या जागेपासून बऱ्याच अंतरावर प्रकट होते. समोरच्या खालच्या कोपऱ्यातील ओल छताच्या कडेला असलेल्या, ऑनिंग (बाजूला लावायचा कापडी मांडव) सरकवण्याच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीतून आलेली असू शकते. ही पट्टी ओळीने मारलेल्या स्क्रूंनी बसवलेली असते आणि प्रत्येक स्क्रू म्हणजे भिंतीला पाडलेले एक छिद्र असते. म्हणून तपासणी नेहमी वरून खाली करावी. आधी छतावरच्या खिडक्या, मग कडेच्या पट्ट्या, उंचावरचे दिवे, पकडण्याच्या मुठी, खिडक्यांची रबरे आणि शेवटी चाकांच्या वरचे कमानीचे भाग पाहावेत. कपाटे रिकामी करून त्यांच्या आतले कोपरे अंगठ्याने दाबून पाहावेत. कुबट वास, भिंतीच्या कागदाला आलेल्या सुरकुत्या, पिनांच्या डोक्यांभोवतीचा गंज, घट्ट न होता नुसताच फिरणारा स्क्रू आणि ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी किंवा सुईच्या टोकाएवढी छिद्रे ही डागाच्या आधी भेटणारी लक्षणे आहेत.

जमीन पायाखाली मऊ लागली म्हणजे ओल आहेच, असे मात्र समजू नये. सततच्या वर्दळीने प्लायवुड आणि फोम यांच्यातील चिकटवण सुटल्यामुळेही तसे होते, आणि त्याचा उपाय वेगळा असतो.

ओलमापकाच्या एका आकड्यावर विसंबणे

टाचण्यांचा ओलमापक लाकडाचा विद्युतरोध मोजतो. साधारणपणे १५ टक्क्यांपर्यंतचा आकडा समाधानकारक, १५ ते २० म्हणजे लक्ष ठेवावे, २० च्या पुढे शोध घ्यावा आणि ३० च्या वर सांगाड्याचे नुकसान गृहीत धरावे, असा संकेत आहे. परंतु भिंतीवर दव असेल किंवा मागे धातूची पट्टी असेल, तर आकडा फुगतो. याउलट, विक्रीपूर्वी आठवडाभर डिह्युमिडिफायर (हवेतील ओलावा शोषणारे यंत्र) चालवलेला असेल, तर तो फसवा कमी येतो. जुनी कॅरव्हॅन घेणाऱ्यांनी ही शक्यता मनात ठेवूनच मोजणी करावी. एका आकड्यापेक्षा नकाशा उपयोगी पडतो. भिंतींचे रेखाचित्र काढून ठरलेल्या जागी, ठरावीक महिन्यांनी, आतली हवा कोरडी असताना मोजावे आणि कोणता कोपरा शेजारच्या जागांपेक्षा वर चढतो आहे ते पाहावे. अनेक उत्पादकांची गळतीविषयीची हमी दरवर्षीच्या अधिकृत तपासणीवर अवलंबून असते, तेव्हा ती तारीखही चुकवू नये.

वरून सिलिकॉन फासणे

सर्वाधिक हानी करणारी चूक माझ्या मते हीच आहे, कारण ती करणाऱ्याला काम झाल्याचे समाधान मिळते. मूळ सीलंट (सांधा बुजवणारा चिकट पदार्थ) पट्टीच्या खाली असते. ते वाळून तडकले की पाणी खालून वाट काढते. वरच्या कडेला सिलिकॉनची रेघ ओढल्याने खालचे सीलंट सुधारत नाही, उलट आत शिरलेले पाणी बाहेर पडण्याची वाट बंद होते. त्यातही व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वाळताना आम्ल सोडते आणि ॲल्युमिनियमला अपाय करते. पुढे कोणी नीट दुरुस्ती करायला गेले, तर सिलिकॉनच्या अंशावर दुसरे सीलंट धरत नाही, म्हणून ते खरवडण्यातच दिवस जातो. योग्य मार्ग कष्टाचा आहे: पट्टी काढावी, जुने सीलंट पूर्णपणे साफ करावे, न वाळणारे ब्युटाइल (रबरी) सीलंट लावून नव्या, न गंजणाऱ्या स्क्रूंनी पट्टी बसवावी.

उभी ठेवताना होणाऱ्या चुका

उच्च दाबाच्या पाण्याने सांधे धुऊ नयेत. ताडपत्रीने गच्च झाकू नये, हवा जाऊ देणारे आवरण घ्यावे. छतावर पाणी साचणार नाही इतका उतार देऊन गाडी उभी करावी, गाद्या भिंतीपासून दूर उभ्या ठेवाव्यात आणि कपाटांची दारे उघडी असावीत. थंडीच्या दिवसांत कॉम्प्रेसरच्या डिह्युमिडिफायरपेक्षा शोषक पदार्थावर चालणारा अधिक परिणामकारक ठरतो. पाण्याच्या नळ्या रिकाम्या करणेही आवश्यक आहे, कारण गोठून फुटलेली नळी आतूनच भिंत भिजवते.

ओल सापडल्यावर क्रम चुकवू नये. आधी पाण्याची वाट बंद करावी, मग आतले प्लायवुड काढून सांगाडा उघडा करावा, कुजलेले लाकूड ठोस भागापर्यंत कापून बदलावे आणि उरलेल्या लाकडाचा आकडा १५ च्या खाली आल्यावाचून नवे प्लायवुड चढवू नये. त्याला काही आठवडे लागू शकतात. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर त्याच जागी पुन्हा मोजणी करावी.